बैलाची पेंड आणि आपली भाकरी



आषाढी एकादशी पार पडली. वारीला गेलेली मंडळी घरी परतली आणि श्रावण तोंडावर आला. आता घरोघर उपासांची मोजणी सुरू होईल. सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, मध्ये एकादशी. देवाच्या उपासाबद्दल मला काही म्हणायचे नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण अलीकडे दुसऱ्याच कारणाने धरलेले उपास वाढले आहेत. ‘वजन उतरावे म्हणून उपास करते, पण काटा काही हलत नाही,’ अशा मजकुराची पत्रे या सदराकडे सारखी येतात. त्यांतल्या एका पत्राची हकीगत आज सांगते. ज्या भगिनीचे ते पत्र होते, तिने ‘नाव-गाव सोडून सगळं छापा’ अशी परवानगी दिली आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत ते पत्र आले. वय ४२. उंची पाच फुटांना किंचित कमी, म्हणजे १५२ सेंटिमीटर. वजन ७१ किलो. गुडघे इतके दुखत की जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. डॉक्टरांनी सांगितले, ‘वजन कमी करा, नाहीतर गुडघे लवकर जातील आणि पाठोपाठ साखरेचा आजार येईल.’ कसे करायचे ते मात्र सांगितले नाही. रांगेत चाळीस माणसे उभी असताना त्यांना तरी वेळ कुठला! बाईने आपल्या मनानेच आठवड्यातून तीन उपास धरले. चार महिने गेले. वजन उतरायचे सोडून एक किलो वाढले. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, ‘घरात सगळे हसतात. म्हणतात, हवा खाऊन लठ्ठ होणारी बाई तूच. माझ्या अंगातच काही खोट आहे का?’

तिचे गाव माझ्या वाटेवर होते. एका सकाळी तिच्या घरी गेले. पण तिच्या स्वयंपाकघरात शिरण्याआधी तुम्हांला गोठ्यात नेते, कारण निम्मे उत्तर तिथेच आहे.

नांगरटीच्या, पाळी घालण्याच्या दिवसांत बैलाच्या पुढ्यात काय असते? कडबा तर असतोच, वर पेंड, भरडा, आंबोण. का? तर दिवसभर औत ओढायचे असते. आणि कामे उरकली, बैल दावणीला बसून राहिला, की पेंड कमी होते. बसत्या बैलाला औताचा खुराक चालू ठेवला तर तो चरबी धरतो, पुढच्या हंगामात दोन तासांतच धापा टाकतो. हे कुणी शाळेत शिकवलेले नाही, बापाकडून मुलाकडे आलेले आहे. उलट औताच्या दिवसांत पेंड तोडली तर बैलाच्या बरगड्या दिसू लागतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. बैलाच्या बाबतीत आपण हा हिशेब कधी चुकत नाही. चुकतो तो स्वतःच्या बाबतीत.

आपल्या आज्यांना पहाटे जात्यावर पायलीभर दळावे लागे. पाणी विहिरीवरून डोक्यावर येई. आजोबा मोट हाकत, पाभरीमागे दिवसभर चालत, आठ कोसांचा बाजार पायी करीत. त्यांच्या ताटात चार-चार भाकरी असत आणि त्या जिरत. आज दळण गिरणीतून येते, पाणी नळाला येते, मोट जाऊन विजेची मोटर आली, नांगरट ट्रॅक्टर करतो आणि शेताच्या बांधापर्यंत मोटरसायकल जाते. हे सगळे चांगलेच झाले. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक ज्यांना कधी जाते ओढावे लागले नाही त्यांनी करावे. पण औत सुटले आणि पेंड मात्र तशीच चालू राहिली, एवढी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही.

आता थोडे आकड्यांचे सांगते. कंटाळू नका, दुधाच्या फॅटचा हिशेब ठेवणाऱ्याला हे जड नाही.

अन्नातली ताकद मोजण्याचे माप म्हणजे उष्मांक. डॉक्टर त्याला कॅलरी म्हणतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तो एक उष्मांक. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीला सुमारे ८० ग्रॅम पीठ लागते. त्यात साधारण २७० उष्मांक असतात. म्हणजे साडेतीन लिटर साधे पाणी चुलीवर उकळीला आणण्याइतकी उष्णता एका भाकरीत असते. शरीर तीच हळूहळू वापरते. अन्न अंगात जाऊन खरेच असे खर्ची पडते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली बनवली. आत माणूस खाई, झोपे, काम करी आणि त्याच्या अंगातून किती उष्णता निघाली ते बाहेर मोजले जाई. खाल्लेले आणि खर्चलेले यांचा मेळ बसला. माणूस असो वा बैल, या हिशेबातून सुटका नाही.

खर्च कशावर होतो? आपल्याला वाटते कामावर. खरे तर साध्या बैठ्या माणसाचा निम्म्याहून जास्त खर्च नुसते जिवंत राहण्यावर होतो. काळीज चालते, श्वास चालतो, अंग ऊबदार राहते. बैल गोठ्यात नुसता बांधून ठेवला तरी वैरण लागतेच, तसेच हे. उरलेला खर्च हालचालीचा, आणि तिथेच माणसामाणसांत मोठा फरक पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडे पाहा. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला अंगमेहनतीच्या जड कामात दिवसाला ३,४७० उष्मांक लागतात, मध्यम कामात २,७१०, आणि बैठ्या कामात २,११०. ५५ किलोच्या बाईचे हेच आकडे २,७२०, २,१३० आणि १,६६० असे आहेत. जड काम आणि बैठे काम यांत पुरुषाच्या बाबतीत १,३६० उष्मांकांचा फरक आहे. म्हणजे पाच भाकरी! आजोबांच्या पंगतीला बसून नातवाने तेवढ्याच भाकरी खाल्ल्या, तर त्या जास्तीच्या भाकरी जाणार कुठे?

त्या पोटावर, कमरेवर साठतात. शरीर काटकसरी आहे. सुगीचे धान्य कणगीत भरावे तसे ते जास्तीचे अन्न चरबी करून ठेवते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठतात. आता आपल्या भगिनीचे पाहा. तिचे वजन वर्षाला सरासरी तीन किलो वाढत आले होते. ढोबळ हिशेब केला तर दिवसाला फक्त साठ-पासष्ट उष्मांक जास्तीचे. तीन चमचे साखर! कुणाच्या डोळ्यांना हे दिसेल? ती खादाड नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. रोजची चिमूटभर चूक वर्षानुवर्षे साठत गेली होती.

आणि वजन उतरायचे तर वाट एकच: खर्चापेक्षा जमा थोडी कमी ठेवायची, म्हणजे शरीर कणगीला हात घालते. यालाच डॉक्टर लोक उष्मांकांची तूट म्हणतात. दुसरी जादू नाही. कुठला काढा, कुठली पावडर, कुठला पट्टा ही तूट तुमच्यासाठी पाडून देत नाही. बाजारच्या दिवशी गाडीवर बरण्या मांडून ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ असे ओरडणाऱ्याला एकदा विचारा, दहा किलो चरबीचे सत्त्याहत्तर हजार उष्मांक पंधरा दिवसांत कसे जाळणार? रोजचे पाच हजार होतात. तेवढा तर जड कामाच्या गड्याचाही खर्च नाही.

आता चला तिच्या स्वयंपाकघरात. गेले त्या दिवशी तिचा उपासच होता. चुलीवर साबुदाण्याची खिचडी परतत होती. मी म्हटले, ‘आज आपण फक्त मोजू. काही बदलू नका, रोजच्यासारखं खा.’ घरात भाजी मोजायचा छोटा काटा होता. साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा, तूप, सगळे तिच्या वाट्याचे मोजले. एका ताटलीतली खिचडी साडेसहाशे उष्मांकांच्या घरात गेली. सकाळी एक ताटली, संध्याकाळी एक. मध्ये दाण्याचा लाडू, तळलेली बटाट्याची सळी, रताळ्याचा कीस, आणि उपास म्हणून चहात दूध जास्त. दिवसाची बेरीज बावीसशेच्या वर गेली. साध्या दिवसाची बेरीज तिला आठवेल तशी लिहून काढली, ती आली एकवीसशेच्या आसपास. म्हणजे उपासाच्या दिवशी ती रोजच्यापेक्षा जास्तच खात होती आणि वर डोके दुखते म्हणून झोपत होती.

ती हसली नाही. पदराने डोळे पुसले. म्हणाली, ‘म्हणजे माझ्या अंगात खोट नाही?’

खोट नव्हतीच. साबुदाणा म्हणजे नुसते पीठूळ सत्त्व, दाणे म्हणजे तेलाचे कोठार, आणि दोन्ही तुपात परतलेले. पिठूळ पदार्थ किंवा साखर ग्रॅमला ४ उष्मांक देतात, डाळीतले प्रथिनही ४ देते, पण तेल-तूप ९ देते. ताट लहान दिसते म्हणून फसायला होते. मूठभर शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, सुमारे १७० उष्मांक. भाकरी खाताना आपण खाल्ली म्हणतो. येता-जाता तोंडात टाकलेले दाणे कुणी जेवण म्हणून धरत नाही. शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिले आहे की आपण किती खातो हे सांगताना माणसे खऱ्यापेक्षा बरेच कमी सांगतात. खोटे बोलतात असे नव्हे, ध्यानातच राहत नाही.

मग आम्ही साधा दिवस नीट मांडला. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि म्हशीचे दूध, मिळून ३००. न्याहारीला एक भाकरी आणि दाण्याची तेल घातलेली चटणी, ४००. दुपारी दीड भाकरी आणि कोरड्यास, ५२०. तिसऱ्या प्रहरी दाणे-गूळ, २००. रात्री एक भाकरी, आमटी-भाजी, थोडा भात, ५००. बेरीज १,९२० झाली.

‘झालं?’ मी विचारले.

‘झालं.’

सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर भगुल्यातलं कोण पुसतं गं?’

ते राहिलेच होते. पोराने टाकलेली चतकोर, मुलीने सोडलेला भात, कढईला लागलेली भाजी. ‘वाया कसं घालवायचं, ताई? कष्टाचं अन्न आहे.’ रोजचे २०० उष्मांक तरी त्यात होते. भगिनींनो, यावर तिला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. मीही तेच करीत आले आहे आणि तुमच्यातल्या बहुतेक जणी करतात. घरातली बाई शेवटी जेवते. काही उरले नाही तर ती उपाशी राहते आणि उरले तर तिला ते संपवावे लागते. दोन्ही बाजूंनी तिच्याच पोटाची कणगी. अन्न टाकू नये हे खरे, पण ते आपल्या पोटात टाकले म्हणजे वाया गेले नाही असे थोडेच आहे? अंदाज घेऊन अर्धी मूठ पीठ आणि अर्धी वाटी तांदूळ कमी घ्यावेत. उरलेच तर सकाळच्या फोडणीला ठेवावे किंवा दावणीला, कोंबड्यांना जाऊ द्यावे.

तेलाची मोजणी तर फारच सोपी निघाली. पळीचा हिशेब कुणाला लागत नाही, डब्याचा लागतो. त्यांच्याकडे १५ किलोचा तेलाचा डबा तीन महिने पुरे. घरात माणसे पाच. म्हणजे माणशी महिन्याला एक किलो, दिवसाला ३३ ग्रॅम, ३०० उष्मांक. प्रत्येकजण रोज एक भाकरी नुसती तेलाच्या रूपाने खात होता. ठरले असे की यापुढे डबा साडेचार महिने पुरवायचा. एकटीसाठी वेगळे शिजवायचे नाही, सगळ्यांच्याच फोडणीतले तेल कमी. माणशी रोजचे १०० उष्मांक आपोआप वाचले, पैसे वाचले ते वेगळे.

बाकीचे असे: चहात दोनऐवजी एक चमचा साखर, ८० वाचले. तिसऱ्या प्रहरचे दाणे मुठीऐवजी अर्धी मूठ, ८० वाचले. उरलेसुरले पुसणे बंद, २०० वाचले. सारे मिळून साडेचारशेच्या वर गेले. ध्यानात घ्या, भाकरी एकही कमी केली नाही. तिच्या साडेतीन भाकरी जिथल्या तिथे राहिल्या, कारण दिवसभर शेतात आणि घरात वावरणाऱ्या बाईच्या पोटाला आधार लागतो. उलट वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ आणि एखादी पालेभाजी रोजच्या ताटात आली, तेलकट चटणीच्या आणि भाताच्या जागी. कडधान्य, डाळ, अंडे, पातळ ताक यांनी पोट बराच वेळ भरलेले राहते आणि वजन उतरताना मांस झडत नाही, चरबी जाते. उपास तिला सोडायचे नव्हते. मग साबुदाण्याच्या जागी थोडी भगर, ताक, काकडी, एखादे फळ, आणि दोन्ही वेळा मिळून एकच वाटी दाणे-कूट असा बेत ठरला.

‘चालायला जाऊ का?’ तिने विचारले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? सपाट रस्त्यावर सोसेल तेवढे चाला, म्हटले. चालण्याने साखर आटोक्यात राहते, काळजाला बळ येते. पण नुसत्या चालण्यावर वजन उतरेल या भरवशावर राहू नका. सत्तर किलोचे माणूस तासभर चालले तरी एका भाकरीहून कमीच खर्ची पडते, आणि परतताना स्टँडवर एक वडापाव खाल्ला की तो हिशेब पार बुडतो. बाटलीतल्या रंगीत थंड पेयात चार चमचे साखर असते, तीही कुणी मोजत नाही. दारूतही उष्मांक असतात, ग्रॅमला ७. पुरुष मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

पुढे काय झाले? पहिल्या महिन्यात २ किलो उतरले. तिला फार आनंद झाला, पण मी कळवले की यात पाणीही आहे; सुरुवातीला अंगातले साठलेले पाणी कमी होते. पुढे महिन्याला एक-सव्वा किलो. दिवाळीला फराळाने एक किलो परत आणले. संक्रांतीनंतर दोन महिने काटा जागचा हलेना. तेव्हा तिचे रागाचे पत्र आले. राग बरोबर होता, पण कारण साधे आहे. गाडी हलकी झाली की ओढायला बैलाची ताकद कमी लागते. वजन उतरलेल्या शरीराचा खर्चही उतरतो आणि पहिली तूट भरून येते. शिवाय हात सैल सुटतो. अर्ध्या मुठीची पुन्हा मूठ होते. पुन्हा आठवडाभर लिहून काढा, म्हटले. लिहिले तेव्हा चहा चाराचे सहा झालेले सापडले. लग्नसराईत घरोघर जाणे झाले होते आणि पुढे आलेला चहा नाकारला तर माणूस रुसते.

या आषाढात तिचे नवे पत्र आले आहे. वजन ६३ किलो. वर्षात आठ किलो. एवढ्याने ती बारीक झाली असे नाही. तुम्हांला स्वतःचे पाहायचे असेल तर वजनाच्या किलोला उंचीच्या मीटरने दोनदा भागा. आपल्या लोकांत १८.५ ते २२.९ हा आकडा ठीक, २३ पासून जास्त, २५ पासून लठ्ठपणा धरतात. तिचा ३०.७ होता, तो आता २७ वर आहे. कमरेला शिंप्याची टेप लावली तर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असावी. पोटावरची चरबी साखरेच्या आजाराला जास्त बोलावते. पण गुडघ्याचे गणित वेगळे आहे. अंगावरचे एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असे मोजलेले आहे. आठ किलोंचे झाले बत्तीस. ती लिहिते, ‘आता उठताना भिंत लागत नाही. भांगलणीला पाट्यावर बसून का होईना, पण बसते.’

वजन पाहायला दर आठवड्याला एकच वार, एकच वेळ आणि एकच काटा धरावा. आरोग्य उपकेंद्रात काटा असतो. ही भगिनी मात्र आडत दुकानातल्या काट्यावर, कांद्याच्या पोत्यांच्या रांगेत उभी राहत असे आणि हमाल मंडळी ‘वहिनी, आज किती भरल्या?’ म्हणून विचारीत. रोज रोज काटा पाहू नये. मीठ, पाणी, पाळीचे दिवस यांनी किलोभर इकडेतिकडे होते आणि मन उगीच खट्टू होते.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण यात चूक झाली तर जिवावर बेतते. हा हिशेब सगळ्यांसाठी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खेड्यांतल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे सुमारे २० वाजवीपेक्षा जाड निघाल्या आणि सुमारे २१ वाजवीपेक्षा बारीक. एकाच आळीत, कधी एकाच घरात, दोन्ही असतात. सासूचे वजन उतरवायचे म्हणून रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या सडपातळ सुनेच्या ताटातली उसळ आणि तेल कमी करू नका. तिला वाढवून द्या. ऊसतोडीला, हमालीला जाणाऱ्या गड्याला जड कामाची भाकरी पुरी मिळाली पाहिजे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाची मुले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तूट पाडायची नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. औषध तेवढेच आणि जेवण कमी झाले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडते. आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल, तर खूश न होता थेट दवाखाना गाठावा. क्षय किंवा साखरेचा आजार असा गुपचूप येतो.

घाईही करू नये. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाले. बाईने दिवसाला बाराशे उष्मांकांच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊच नये. अर्धपोटी राहून झपाट्याने वजन उतरवले तर केस गळतात, चक्कर येते, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि झडलेले मांस भरून यायच्या आत चरबी परत येते.

तिने या पत्रात एकच प्रश्न विचारला आहे: ‘पोळा आला. पुरणपोळीचं काय करू?’

ताई, पुरणपोळी खा. मोठी पोळी तीनशेच्या पुढे जाते, वर तूप वेगळे. एक खा, तूप चमचाभर घ्या, जोडीला कटाची आमटी घ्या आणि त्या वेळची भाकरी-भात सोडा. बैलालाही त्या दिवशी पोळी असतेच. फक्त तुमच्या घरी पुरण किती शिजते ते मला माहीत आहे, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या दुधात कुस्करून कोण संपवते, तेही सासूबाईंनी मला सांगून ठेवले आहे. यंदा डाळ एक मापटे कमी भिजत घाला.